पूर ओसरल्यावर आग का लागते: मीटरच्या पेटीपासून वैरणीच्या गंजीपर्यंत

तक्रार दर पुरानंतर तीच. पाणी उतरलं, गाळ काढला, दोन दिवस दारं-खिडक्या उघडी टाकली, लाइट आली, सगळ्यांनी हुश्श केलं आणि रात्री मीटरच्या पेटीतून चर्र असा आवाज, मागोमाग धूर. कुणाकडे फ्रिजमागचा सॉकेट वितळतो. कुणाच्या गोठ्यालगतची गंजी दोन-तीन आठवड्यांनी पेटते आणि गाव म्हणतं, पोरांनी विडी टाकली असणार. पाण्यात बुडालेल्या घराला आग लागेलच कशी, हा प्रश्न पंचगंगा-कृष्णेच्या काठी २००५ ला ऐकला, २०१९ ला ऐकला, २०२१ ला पुन्हा ऐकला.

पाणी चढताना आपण फार सावध असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ तसेच. पाणी उतरायला लागलं की मात्र आकडे बघणं बंद होतं, आणि आगीचा धोका नेमका तिथून वाढतो. कारण आता आपण बुडालेल्या वस्तू एकेक करून चालू करणार असतो, त्याही घाईत आणि बहुतेक वेळा उलट्या क्रमाने.

ऐन पुरातही आगी लागतात, हेही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्स शहरात एप्रिल १९९७ मध्ये रेड नदीचं पाणी रस्त्यांवर असतानाच मध्यवस्तीत आग लागली आणि ११ इमारती जळाल्या. पाण्यामुळे बंब जवळ नेता येईनात, शेवटी हेलिकॉप्टरमधून पाणी ओतावं लागलं. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ब्रीझी पॉइंट वस्तीत शंभरावर घरं गेली. तिथे समुद्राचं पाणी घरातल्या वायरिंगला भिडलं होतं. घानातल्या अक्रा शहरात ३ जून २०१५ ला लोक पावसापासून आडोसा म्हणून पेट्रोल पंपावर थांबले होते. पाण्यावर पसरलेल्या इंधनाने पेट घेतला. पूर आणि आग मिळून दीडशेच्या वर माणसं मेली. त्यामुळे साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला, पेट्रोल-डिझेलचा वास आला, तर तिथे काडी ओढायची नाही, गाडीला किक मारायची नाही, जनरेटर चालू करायचा नाही.

आता आपल्या घरातल्या बोर्डाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

लाइट आल्यावर बोर्ड का जळतो

पुराच्या पाण्यात माती असते, शेतातलं खत असतं, गटार असतं, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं ऑइल असतं. असं पाणी वीज चांगलीच वाहून नेतं. ते बोर्डात शिरतं आणि ओसरताना गाळाचा पातळ थर मागे ठेवतं: बेकलाइटवर, पितळी पट्ट्यांवर, स्क्रूच्या खाचांत. दिसायला हा थर कोरडा ठणठणीत. पण जुलै-ऑगस्टच्या हवेतलाच ओलावा तो शोषून घेतो, आणि फेजकडून न्यूट्रलकडे त्याच्यातून किंचित करंट सुरू होतो. तेवढ्यानेही थर तापतो, मधेमधे सुकतो, सुकलेल्या जागी बारीक ठिणगी उडते, ठिणगीखालचं प्लॅस्टिक करपून कोळसा होतं. कोळशातून करंट आणखी सहज जातो. हा काळा रस्ता रोज थोडा पुढे सरकतो आणि एक दिवस दोन्ही टोकं जोडतो. वायरमन म्हणतात, बोर्डाने कार्बन धरला. लाइट आल्या आल्या काही झालं नाही, आठव्या दिवशी पेटलं, याचं कारण हे.

मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, का पडली नाही? कारण १६ अँपिअरच्या एमसीबीला १६ च्या वरच्या करंटशी मतलब असतो आणि इथे त्याचा लहानसा अंश वाहतोय. बरं, ज्याला आपण सरसकट ईएलसीबी म्हणतो ती ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असली, तरी ती फक्त जमिनीकडे पळणारा करंट ओळखते. फेज-न्यूट्रलच्या मधे, बोर्डाच्या आतल्या आत चाललेली ही करामत तिला दिसतच नाही. म्हणून ‘माझ्याकडे सगळं नवीन फिटिंग आहे’ हा दिलासा पुरानंतर फारसा कामाचा नाही. अर्थात आरसीसीबी हवीच. ती शॉकपासून जीव वाचवते आणि बऱ्याच आगीही रोखते.

दुसरं कारण सैल आणि गंजलेले जोड. तांब्या-पितळेवर हिरवट थर धरतो, लोखंडी स्क्रू गंजतो आणि त्या एका बिंदूत विजेला अडथळा होतो. हिशोब करून बघा. २००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर करंट घेतो. जोडाचा अडथळा अर्धा ओहम जरी असला तरी त्या एका स्क्रूवर ४० वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. आता ही इस्त्री प्लॅस्टिकच्या बंद पेटीत अर्धा तास चालू ठेवली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तिसरं, बुडालेली एमसीबी. आतली स्प्रिंग, पट्टी, सगळं यंत्र गाळाने जाम होतं. वरून खटका नीट चालतो, पण खरा शॉर्ट होईल तेव्हा ती पडेलच याची खात्री नाही. जुन्या घरांत किटकॅट फ्यूज असतात आणि पुरानंतर ते सारखे उडतात. मग कुणीतरी जाड तार घालून देतं. उडणारा फ्यूज ‘आत गळती आहे’ असं ओरडून सांगत असतो, आणि आपण त्याचं तोंड बंद करतो.

कधी दोष घराबाहेरही असतो. डीपीजवळ किंवा पोलवर न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर २३० व्होल्टच्या जागी काही घरांत ४०० च्या जवळपास दाब जाऊ शकतो. लाइट आल्यावर बल्ब झगझगीत पांढरे दिसले, पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरला, किंवा एका खोलीत उजेड वाढून दुसऱ्या खोलीत मंद झाला, तर ताबडतोब मेन पाडा आणि वीज तक्रारीच्या १९१२ या नंबरवर कळवा. आपापल्या घरात दुरुस्ती करून हे सुटत नाही.

कोणत्या लक्षणाचा अर्थ काय

एमसीबी वर केली की लगेच पडते: कुठेतरी सरळ शॉर्ट आहे, बहुधा बुडालेल्या सॉकेटात किंवा जंक्शन बॉक्समध्ये. परत परत वर करून बघू नका. प्रत्येक खटक्याला आत एक ठिणगी उडते.

आरसीसीबी पडते, पण सगळे प्लग काढल्यावर टिकते: दोष उपकरणात आहे. एकेक लावून बघितलं की सापडतं. सहसा पाण्याची मोटार, फ्रिज नाहीतर वॉशिंग मशीन.

घरातलं सगळं बंद, तरी मीटरचा दिवा लुकलुकतोच: वायरिंगमध्ये गळती आहे. काही मीटरांवर अर्थ लीकेजचा वेगळा दिवा असतो, तो पेटलेला दिसतो. ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तोच दोष, फक्त जास्त गंभीर. तिथे चप्पल घालून टेस्टर लावत बसू नका. मेन बंद करा आणि घराबाहेर पडा.

बोर्डाजवळ मासळी सडल्यासारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास, स्विच हाताला कोमट लागणं, बारीक गुणगुण: कार्बन धरायला सुरुवात झाली आहे. यातलं काहीही दिसलं तर ‘उद्या वायरमनला बोलावू’ हे चालणार नाही. त्या बोर्डाची लाइन आत्ताच बंद.

चालू करायचा क्रम

सगळ्यात आधी नाक. घरात शिरल्यावर गॅसचा वास येत असेल तर कुठलाही स्विच दाबायचा नाही, बंदसुद्धा करायचा नाही, कारण बंद करतानाही ठिणगी उडते. दारं-खिडक्या उघडून बाहेर या. वास नसेल आणि मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल, तरच मेन पाडा. पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही. बाहेरूनच लाइन बंद करून घ्या. पाणी चढायच्या आधीच मेन पाडून घर सोडलं असेल तर उत्तम, पण परत आल्यावर तो पाडलेला आहे याची खात्री करा.

मेन पाडला म्हणजे घर मेलं, असंही समजू नका. इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन जिवंतच असते. छतावर सोलर पॅनेल असेल तर दिवसा उजेडी त्याच्या वायरांत दाब असतोच. आणि जनरेटर कधीही सॉकेटात उलटा जोडू नका. तुमच्या घरातून वीज उलटी लाइनवर जाते आणि पोलवर चढलेला माणूस मरतो.

मग बोर्ड उघडायचे. इथे एक गोष्ट उलटी वाटेल: गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढणं चांगलं. वाळला की तो सिमेंटसारखा बसतो. तरी बुडालेले स्विच, सॉकेट, होल्डर, एमसीबी, आरसीसीबी धुऊन परत लावायचे नाहीत, बदलायचे. हेअर ड्रायरने वाळवलेली एमसीबी कोरडी असेल, विश्वासाची नसते. वायर मात्र बहुतेकदा वाचतात, कारण पीव्हीसीचं आवरण सहसा पाणी पीत नाही. अडचण असते ती जोडांवर आणि कन्सील पाइपच्या वळणांवर, जिथे पाणी महिनाभर साचून राहतं. तिथली वायर ओढून काढायची, पाइपात हवा मारायची, मग पुन्हा भरायची. खर्चाचं काम आहे, पण भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त.

त्यानंतर मेगर, म्हणजे वायरिंगमधून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. वायरमनला हा शब्द उच्चारून सांगा, नाहीतर तो टेस्टर लावून ‘ओके आहे’ म्हणून निघून जाईल. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि अर्थ यांमधलं रीडिंग किमान १ मेगाओहम यायला हवं. त्याखाली आलं तर ती लाइन अजून ओली आहे, मग भिंत कितीही पांढरी दिसो. फेज-न्यूट्रलमधलंही बघायला सांगा, बल्ब आणि उपकरणं काढून. नाहीतर वर सांगितलेला कार्बनचा रस्ता सापडणार नाही.

रीडिंग चांगलं आलं की एकेक सर्किट चालू करा. आधी वरचे दिवे, मग पंखे, मग जमिनीपासून उंच असलेले सॉकेट. बुडालेले खालचे सॉकेट सगळ्यात शेवटी. लाइट येण्याआधी घरातलं प्रत्येक उपकरण प्लगमधून काढून ठेवलेलं असू द्या. पूर येताना घाईत इस्त्री किंवा हीटर चालू राहिलेला असतो आणि तो आता ओल्या गादीवर पडलेला असू शकतो. पहिली रात्र सगळे झोपायच्या आधी मेन पाडून टाकला तर कुणाचं काही बिघडत नाही. मोटार आणि मिक्सर रिवाइंडिंगवाल्याकडून वाळवून, मेगर करूनच लावा. घरी उन्हात ठेवून वाइंडिंगच्या आतली ओल जात नाही.

घाई फार असेल तर वायरमनकडून एक तात्पुरता बोर्ड करून घ्या: पुराच्या खुणेच्या वर, नवी वायर, नवी आरसीसीबी, दोन दिवे आणि एक मोबाइल चार्जिंगचा पॉइंट. घर नीट वाळेपर्यंत तेवढ्यावर निभतं. मेणबत्ती आणि चिमणीपेक्षा हे कितीतरी बरं, कारण वाळत घातलेली अंथरुणं, सॅनिटायझर, फवारणीचं डिझेल हे सगळं त्या दिवसांत एकाच खोलीत असतं.

गॅस

भरलेला सिलिंडरही पाण्यात तरंगतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. १४.२ किलो गॅस आणि साडेपंधरा-सोळा किलोची टाकी, एकूण तीसेक किलो. आतली जागाच ३३ लिटरच्या पुढे, म्हणजे बाजूला सारलेलं पाणी त्याच्या वजनापेक्षा जास्त. तो उचलला जातो, आडवा होतो आणि शेगडीची नळी ताणून खेचतो. नळी शेगडीशी निसटते, किंवा निसटत नाही पण तिला चीर पडते. घर कोरडं झाल्यावर सिलिंडर जागेवर उभा करून रेग्युलेटर फिरवला की गळती सुरू.

एलपीजी हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो, तो खाली बसतो. ओट्याखाली, मोरीत, तळघरात, पलंगाखाली. वरची खिडकी उघडून तो जात नाही, दार उघडावं लागतं. आणि पुरानंतरच्या घरात गाळ, गटार, मेलेली जनावरं यांचा इतका वास असतो की गॅसचा वास त्यात हरवतो. नाकावर विसंबून राहू नका. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी लावून तपासणारे महाभाग अजूनही भेटतात.

बुडालेला रेग्युलेटर फेकून द्या. त्याला एक बारीक भोक असतं, ते गाळाने बुजलं की दाब नीट राहत नाही आणि ज्योत हातभर उंच येते. नळी नवी घ्या. सिलिंडरच्या तोंडात गाळ असेल तर तो खिळ्याने उकरू नका, वितरकाकडे बदलून घ्या. वाहून आलेला दुसऱ्याचा सिलिंडर शेतात सापडला तर तोही वापरायचा नाही. गळतीसाठी २४ तास चालणारा नंबर १९०६.

पाण्याने पेटणाऱ्या वस्तू

आपल्या भागात हा विषय कुणी काढत नाही, आणि काढायला हवा. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांवर हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) ही पावडर वापरतात. इचलकरंजीकडे कापडाच्या प्रोसेसिंगमध्येही ती असते. ही पावडर थोडी ओली झाली की आपोआप तापते आणि पेट घेते, गंधकासारखा उग्र धूर निघतो. शिपडभर पाण्याने ती विझत नाही, उलट भडकते. ओलसर पोतं दिसलं तर दूर राहा, अग्निशमनला बोलवा आणि पावडर कसली आहे ते आधी सांगा. कळीचा चुनाही तसाच: पाणी लागलं की उकळतो आणि शेजारचं गोणपाट, लाकूड पेटवू शकतो. वेल्डिंगवाल्याकडचं कार्बाइड ओलं झालं की अ‍ॅसिटिलीन वायू सोडतं. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या भिजल्या तर विषारी फॉस्फिन निघतो, आणि तो आपोआप पेटूही शकतो. अशा डब्याला ओल्या हाताने शिवायचं नाही.

आणि पुरानंतर ग्रामपंचायत वाटते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. निर्जंतुकीकरणाला उत्तम. पण तिचं पोतं डिझेल, ऑइल, फिनेल किंवा अ‍ॅसिडच्या कॅनशेजारी ठेवू नका, आणि सगळं एका बादलीत कालवू तर अजिबात नका.

गंजी

विडीवर ढकललं जाणारं हे प्रकरण. कडबा, गवत किंवा चिपाडाचा ढीग अर्धवट भिजला की आतले सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि ढीग गरम होतो. साठ-सत्तर अंशांनंतर जीव मरतात, पण तोवर चाऱ्याची हवेशी रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि ती उष्णता आतच कोंडलेली राहते. पूर्ण भिजून चिंब झालेली गंजी कुजते, सहसा लगेच पेटत नाही. घातक असते ती खालून बुडालेली आणि वरून कोरडी. ओल्या-कोरड्याच्या सीमेवर आग धुमसते. साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर पूर सगळे विसरलेले असतात.

पहाटे गंजीतून वाफ निघणं, गूळ करपल्यासारखा किंवा तंबाखूसारखा वास, माथा मधेच खचणं ही लक्षणं. लोखंडी पहार आत खोल खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढा. हाताला धरवत नसेल तर गंजी धोक्यात आहे. अशा वेळी वर चढू नका. आत पोकळी जळून गेलेली असते, माणूस सरळ आत जातो. आणि पाण्याची सोय हाताशी असल्याशिवाय ती उपसूही नका. बंद होती तोवर धुमसत होती, हवा लागली की भडका. बुडालेली वैरण पाणी उतरल्या उतरल्या वेगळी काढा आणि पातळ पसरा. गोठ्यापासून लांब.

गाड्या

बुडालेली गाडी चावी फिरवून बघू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग मेकॅनिक. इलेक्ट्रिक गाडी किंवा ई-बाईक असेल तर चार्जिंगला लावायचं नाव काढू नका. बॅटरीच्या सेलमध्ये पाणी शिरलं की आग दिवसांनी, कधी आठवड्यांनीही लागते. खाडीचं खारं पाणी जास्त वाईट, कारण सुकल्यावर मागे मीठ उरतं. २०२२ च्या इयन वादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या अशाच पेटल्या. कोकणात खाडीलगत राहणाऱ्यांनी गाडी ढकलून घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून किमान ५० फूट लांब उघड्यावर उभी करावी. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज किंवा बुडबुडे ऐकू आले तर जवळ जाऊ नका.

तरीही आग लागलीच, तर विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. मेन पाडता आला तर पाडा, कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक वापरा. ते स्वतः बुडालेलं असेल तर त्याच्यावर भरवसा नको. सिलिंडरला आग असेल आणि रेग्युलेटर सहज बंद होत नसेल तर माणसं बाहेर काढा. १०१ किंवा ११२ लावताना कुठल्या रस्त्यावर अजून पाणी आहे तेही सांगा. बंब कुठून येईल ते त्यावर ठरतं.

एक व्यवहाराची गोष्ट. पंचनामा व्हायचाय म्हणून लोक जळका, गाळ भरलेला बोर्ड तसाच ठेवतात आणि त्यावरच लाइट चालवतात. मेन पाडलेला असताना बोर्डाचे, मीटरचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, काढलेले सामान एका पोत्यात भरून अंगणात ठेवा, आणि तलाठी येईपर्यंत नवीन बोर्डाचं काम सुरू करून टाका.